गच्चीतल्या भाज्यांवरचे रोग: फवारायचं की उपटायचं?

अंगणवेल (पुणे)
मंडळी, पावसाळ्यात लावलेल्या भाज्यांनी ऑक्टोबर लागताच रंग दाखवायला सुरुवात केली आहे.

भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचं जाळं आलंय. आता तर नवं पान निघतं तेच पिवळंधमक. भेंड्या लागतात, पण पांढुरक्या, आणि वाढायच्या आत निबर. टोमॅटोच्या शेंड्याची पानं बारीक होऊन कडा वर वळल्यात, झाड खुंटलंय, फुलं धरत नाहीत. काकडीच्या पानांवर पिवळे, कोनाकोनांचे डाग. मिरचीबद्दल विचारूच नका, पार चुरगळलीय.

आंबट ताक, हळदीचं पाणी, निंबतेल, राख, सगळं फिरवून झालं. कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्यानं एक पांढरी पूड बांधून दिलीय, "सगळ्यावर चालते" म्हणाला. पुडीवर नाव नाही. मारू का? घरात लहान मूल आहे आणि ते भेंडी झाडावरून तोडून तशीच खातं.

लोणचंफोड
वाचतेय. मिरचीचं उत्तर आलं की मला हाक मारा कोणीतरी.

शिवारातून (नाशिक)
ताई, आधी ती पुडी बाजूला ठेवा. काय आहे ते माहीत नाही, फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही तेही माहीत नाही. मूल फिरतं त्या गच्चीवर अशी वस्तू नकोच. आणि सगळ्यावर चालणारं औषध अजून निघालेलं नाही.

तुमच्याकडे चार झाडांना चार वेगळी दुखणी आहेत.

भेंडीवर हळद्या, म्हणजे येलो व्हेन मोझॅक. हा विषाणू. टोमॅटोवर पर्णगुच्छ, आमच्याकडे बोकड्या म्हणतात. तोही विषाणू. दोन्ही पांढरी माशी पसरवते. झाडाला हलकी टिचकी मारा. पानांखालून राखेचे कण उडाल्यागत काही उडालं की तीच ती. विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. घरगुती नाही, रासायनिकही नाही. दुकानातून आणलेलं महागडं औषध माशी मारतं, रोग बरा करत नाही. त्यामुळे ताक, हळद, राख यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही, तिथं कशाचंच काही चाललं नसतं.

काकडीवर केवडा दिसतोय. खात्री करायची तर सकाळी लवकर, दव असताना, पान उलटं करा. वरच्या पिवळ्या डागाच्या बरोबर खाली करड्या-जांभळट रंगाची लव दिसली तर केवडाच. डाग कोनाकोनांचे दिसतात कारण बुरशी पानाच्या शिरा ओलांडत नाही, शिरेपाशी अडते.

मिरचीचं पान नीट बघून सांगा: कडा वर वळल्यात की खाली?

अंगणवेल
बापरे. म्हणजे भेंडी उपटायची? रोज दोनचार निघतायत हो अजून. मिरचीचं बघून सांगते.

शिवारातून
झाड अडीच-तीन महिन्यांचं असेल आणि आसपास नवी भेंडी लावायची नसेल, तर खाऊन घ्या आणि मग काढा. शेजारच्या कुंडीत नवीन रोपं असतील तर मात्र आजच काढा. भावनेचा प्रश्न नाही, त्या झाडावरची माशी उडून कुठं बसणार एवढंच बघायचं. टोमॅटोला तर फळच धरत नाही, मग ठेवून करणार काय?

काढताना एक काळजी. नुसतं हिसकलं की सगळ्या माश्या उडून शेजारच्या झाडावर जातात. पहाटे गारव्यात त्या सुस्त असतात. तेव्हा झाडावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी उपडी घाला, तळाशी आवळा, मग झाड कापा आणि पिशवी बंद करून उन्हात टाका.

ताकपिठं
शिवारातून साहेब, ताकाला इतकं हलक्यात घेऊ नका. आमच्या दोडक्यावर पांढरं पीठ सांडल्यासारखं झालं होतं. आंबट ताक पातळ करून दर आठवड्याला मारलं, नवीन पानं स्वच्छ आली. आमची आई हेच करायची. सगळंच विज्ञान प्रयोगशाळेत जन्मत नाही.

शिवारातून
काका, दोडक्यावरची ती भुरी होती, आणि तिथं तुमचं ताक नक्कीच उपयोगी पडलं असेल. माझी हरकत ताकाला नाही, ताक कशावर मारलं याला आहे. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेत्तिओल या शास्त्रज्ञानं झुकिनीच्या भुरीवर गाईच्या दुधाचे प्रयोग करून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. पाण्यात १० टक्के किंवा त्याहून जास्त दूध, आठवड्यातून एकदोनदा. भुरी बुरशीनाशकाच्या तोडीनं आटोक्यात राहिली. म्हणजे १ लिटर फवाऱ्यात १०० मिली दूध. मात्र सुरुवातीपासून मारलं तर. पानं पांढरीफटक झाल्यावर दुधाचा टँकर ओतला तरी ती हिरवी होणार नाहीत.

भुरीची गंमत अशी की ती पानाच्या वरवर वाढते, म्हणून वरून मारलेलं तिला लागतं. आणि बाकीच्या बुरशांसारखं तिला ओलं पान लागत नाही, दिवसा कोरडी हवा आणि रात्री दमटपणा एवढं पुरतं. म्हणून पाऊस संपल्यावर काकडी, भोपळा, दोडका, वाटाणा यांच्यावर ती हमखास येते. दूध नको असेल तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. ऑक्टोबरच्या उन्हात भरदुपारी मारू नका, वेलवर्गीय पिकांची पानं गंधकानं भाजतात. निंबतेल मारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या.

केवड्याला मात्र दूधही नाही नि गंधकही नाही. ती बुरशी पानाच्या आत शिरते.

ताकपिठं
हे मान्य. ताकाची बाजू राखल्याबद्दल आभार.

खळ्यातला (राजापूर)
आमच्याकडं वेगळीच तऱ्हा. वांग्याची फळाला आलेली झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी परत उभी राहतात. आम्हाला वाटतं पाणी कमी पडलं. मग पाणी वाढवतो. चारपाच दिवसांत झाड आहे तसं हिरवं उभ्या उभ्या वाळतं. एक गेलं की त्याच ओळीतलं दुसरं. मुळाशी कीड नाही, वाळवी नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) घातला, फरक शून्य. मिरचीचीही तीच गत. दरवर्षी त्याच परड्यात लावतो, जागा तेवढीच आहे.

शिवारातून
पिवळं न पडता हिरवंच सुकतंय म्हणजे जिवाणूची मर असावी. घरच्या घरी तपासता येईल. नुकत्याच मान टाकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा. बोटभर तुकडा घ्या, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरा आणि तुकड्याचं कापलेलं तोंड जेमतेम पाण्यात बुडेल असा तो धरून ठेवा. हलवू नका. पेल्यामागं काळा कागद धरा. पाचेक मिनिटांत कापापासून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणू. काहीच उतरलं नाही, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली आणि खालची पानं आधी पिवळी पडत गेली होती, तर ती फ्युजेरियमची, म्हणजे बुरशीची मर.

ट्रायकोडर्मा बुरशीवर काम करतो, आणि तोही आधीच मातीत वाढलेला असेल तर. जिवाणूच्या मरीवर त्याचा भरवसा धरू नका.

खळ्यातला
आत्ताच केलं. बायको म्हणाली चहाचे पेले सोडून दुसरं काही मिळालं नाही का.
उतरला हो धागा! एक नाही, दोनतीन. सिगारेटच्या धुराची वेटोळी असतात ना, तशी पांढरी रेघ वाकडीतिकडी होत तळाला गेली आणि हळूहळू पाणी गढूळ झालं. फोटो टाकायचा होता पण नीट येत नाही.

तिसवाडीकर (गोवा)
खळ्यातला, मग तुमचं नि आमचं दुखणं एकच. जांभ्याची आंबट माती आणि चार महिने पाऊस, या जिवाणूला आणखी काय हवं? राल्स्टोनिया त्याचं नाव. मुळाच्या बारीक जखमेतून शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवतो. म्हणून झाड पाण्यात उभं असूनही तहानेनं मरतं. तुम्ही पाणी वाढवलंत तसा तो एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात गेला.

तुमच्याआमच्यासारख्यांना उपाय तीनच. पहिला, त्या वाफ्यात दोनतीन वर्षं वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा काही लावू नका. हे सगळे एकाच कुळातले. मका, चवळी, वाल, लाल भाजी लावा. दुसरा, मर सहन करणारे वाण. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का निधी, अर्का केशव ही वांगी आणि अर्का आभा, अर्का आलोक हे टोमॅटो त्यासाठीच काढलेत. तिसरा उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो: कलम. काटेरी रानवांग्याच्या, म्हणजे सोलॅनम टॉर्व्हमच्या, खुंटावर आपल्या वांग्याचा शेंडा चढवायचा. खुंटाची मुळं मरीला दाद देत नाहीत आणि वर फळ आपल्या चवीचं येतं. छत्तीसगडात अशी कलमी रोपं तयार होऊन विकली जातात. मात्र कलमाचा जोड मातीत गाडू नका. जोडाच्या वर मुळं फुटली की सगळं मुसळ केरात.

मेलेलं झाड शेणकीत टाकू नका, जाळा. खुरपंही धुऊन घ्या.

खळ्यातला
लाल भाजी, चवळी बायकोला चालेल. भरल्या वांग्याचं काय ते बघावं लागेल. रानवांगी इथं बांधावर ढीग आहेत, मग यंदा कलमाचा प्रयोग होऊन जाऊ दे.

अंगणवेल
मिरची बघितली. पानं वर वळलीत, होडीसारखी. खालून चंदेरी चट्टे आहेत. पण एका झाडाची पानं खाली वळलीत आणि देठ लांबलेत. काकडीचं सांगायचं राहिलं, सकाळी पान उलटं केलं तर करडी लव आहे. केवडाच.

शिवारातून
वर वळलेली ती फुलकिड्यांची, खाली वळलेली कोळ्यांची (जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारा कोळी, माइट). डोळ्यांनी कोळी दिसणार नाही, इतका बारीक. फुलकिड्यांना निंबतेल (लिटरला ५ मिली, सोबत चिमूटभर साबण, नाहीतर तेल पाण्यावर तरंगतं) आणि निळे चिकट सापळे. पांढऱ्या माशीला पिवळे. कोळ्याला गंधक. तो कीटक नाही, त्यामुळे कीटकांची पुष्कळशी औषधं त्याला लागूच पडत नाहीत. दोन्हींत चुरगळलेलं पान सरळ होणार नाही. शेंडा खुडा आणि नवी फूट कशी येते ते बघा. नवीन पानंही बारीक, पिवळसर, गुच्छच्या गुच्छ आली तर मात्र तिथंही विषाणू समजा.

@लोणचंफोड, हाक मारली.

लोणचंफोड
आले आले. माझी खाली वळलेली आहे. गंधक आणते.

वासूनाना
इतका खल कशाला? तंबाखूचा काढा करा आणि मारा. माशी, मावा, फुलकिडे सगळे गारद. आमच्या वाड्यात पूर्वी हेच होतं.

शिवारातून
नाना, माशी गारद होईल हे खरं. निकोटिन कडक विष आहे. पण ते कातडीतूनही अंगात जातं, आणि इथं मूल भेंडी तोडून खातंय. दुसरी गोष्ट, तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुकवलेल्या तंबाखूतसुद्धा जिवंत राहतो आणि टोमॅटो, मिरचीला लागतो. त्याला पसरायला माशी लागत नाही, हात पुरतो. गड्यानं तंबाखू-चुना मळला आणि त्याच हातानं टोमॅटोचे बगलफुटवे खुडले की काम तमाम. आमच्याकडं टोमॅटोची रोपं हाताळायच्या आधी माणसांना साबणानं हात धुवायला लावतात आणि तंबाखूची पुडी बांधावर ठेवायला लावतात. कुरकुर होते, पण करतात.

वासूनाना
बरं. पुडी बांधावर.

दूरदेशी (न्यू जर्सी)
इथला हंगाम संपला, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २००९ च्या उन्हाळ्यात आमच्या अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर टोमॅटोचा धुव्वा उडाला होता. मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या रोपांबरोबर उशिरा येणारा करपा घरोघरी पोचला आणि त्यात जून-जुलै थंड नि ओला गेला. आधी पानावर तेलकट, ओलसर डाग, मग सगळं झाड भाजल्यासारखं तपकिरी, हिरव्या टोमॅटोवर कडक काळपट चट्टे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचा दुष्काळ पडला तो याच रोगानं. तेव्हापासून मी रोपं विकत आणतच नाही, बी आणून घरात खिडकीत वाढवते.

पुण्यात हा येतो का?

शिवारातून
येतो. थंडी, धुकं आणि ढगाळ हवा सलग राहिली की डिसेंबर-जानेवारीत. १० ते २० अंश तापमान आणि पान रात्रभर ओलं, एवढं त्याला बस्स होतं. तुम्ही तेलकट डाग म्हणालात ती खूण अचूक. लवकर येणारा करपा वेगळा, त्याच्या डागात एकात एक वर्तुळं दिसतात आणि तो खालच्या जुन्या पानांपासून वर चढतो. हा लवकर येणाराच जास्त नेहमीचा आणि घरी आटोक्यात येणारा.

त्याची बुरशी जुन्या पालापाचोळ्यात असते. पाण्याचा थेंब मातीवर आपटून उडतो, त्याबरोबर ती खालच्या पानावर चढते. म्हणून तीन गोष्टी: टोमॅटोची जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका, मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट पसरा, आणि झारीनं वरून पाणी घालणं बंद करा. पाणी सकाळी, बुडाशी. माझ्या मते गच्चीवरचे निम्मे बुरशीचे रोग संध्याकाळी हौसेनं धरलेल्या पाइपातून येतात. आमचे वडील हे वाचतील तर रागावतील, त्यांचा तो विरंगुळा आहे.

अंगणवेल
काकडीच्या केवड्याचं मग काय करू? बोर्डो मिश्रण घरी करता येतं म्हणे.

मोरचूद
येतं की. नावातच आहे माझ्या.

फ्रान्समध्ये बोर्दोजवळ द्राक्षाच्या केवड्यावरच ते सापडलं, मिलार्देनं १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. शेतात १ टक्का वापरतात, म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि १ किलो कळीचा चुना. काकडीच्या कोवळ्या पानांना ते जास्त होतं, तुम्ही अर्धा टक्का करा. १ लिटरला ५ ग्रॅम मोरचूद, ५ ग्रॅम चुना. मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंड किंवा जस्ताची बादली नको. चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून, गार करून, फडक्यातून गाळून. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत राहा. सुरेख आकाशी रंग येतो.

आता परीक्षा. घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर त्यात बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पानं जाळेल. थोडी चुन्याची निवळी घाला, पुन्हा खिळा बुडवा. थर येईनासा झाला की तयार. त्याच दिवशी संपवा. मुलाला दूर ठेवा, आणि नंतर काही दिवस त्या वेलाची काकडी खाऊ नका, पुढं खातानाही चोळून धुवा.

हे रोग यायच्या आधी किंवा पहिल्या डागाला मारायचं. आहे तो डाग जात नाही. ज्या मातीत ट्रायकोडर्मा घातलाय तिथं त्याचा निचरा होऊ देऊ नका, तांबं त्या बुरशीलाही सोडत नाही.

जुनीपेटी
इतकं सगळं करण्यापेक्षा काकडीची डागाळलेली पानं काढून वेल जाळीवर चढवली तर? वारा लागला की माझा अर्धा त्रास जातो. घरी खाण्यापुरत्या चार काकड्या, त्यासाठी खिळे बुडवत कोण बसणार.

शिवारातून
जुनीपेटी यांना पूर्ण पाठिंबा. मोरचूद साहेबांची कृती बिनचूक आहे, पण मी गच्चीवर आधी हेच करीन.

लोणचंफोड
एक बावळट शंका. विषाणू लागलेली भेंडी किंवा टोमॅटो खाल्ले तर आपल्याला काही होतं का?

शिवारातून
बावळट अजिबात नाही. २०२० च्या उन्हाळ्यात हीच अफवा पसरली होती. आपल्याकडं टोमॅटो एकसारखे न पिकता लाल-पिवळे-हिरवे पट्टे घेऊन पिकत होते, लोकांनी त्याला तिरंगा म्हणायला सुरुवात केली. बंगळूरला नमुने तपासले तेव्हा काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. आधीच करोनाचे दिवस, त्यात वाहिन्यांवर टोमॅटोचा व्हायरस! भाव पडले ते वेगळंच. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला लागत नाहीत. भेंडी निबर लागेल, इतकंच.

अंगणवेल
पहाटे पिशवी घालून टोमॅटो काढले. भेंडी अजून ठेवलीय, संपली की काढीन. पुढच्या खेपेला कुठलं बी आणू? आणि त्या कुंड्यांतली माती फेकायची का?

तिसवाडीकर
माती फेकू नका हो, माती करायला वर्षं जातात.

शिवारातून
हळद्या आणि बोकड्यासाठी माती बदलायची गरज नाही, ते माशीमार्फत येतात. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती १९८५ पासून आहे, बंगळूरची अर्का अनामिकाही मिळते. दोन्ही हळद्याला दाद न देणाऱ्या म्हणून आल्या, आता त्यांच्यावरही थोडाफार येतो, तरी बेनामी बियाण्यापेक्षा बऱ्या. टोमॅटोत अर्का रक्षक बघा, तो पर्णगुच्छ, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा तिन्हींसाठी काढलेला संकर आहे. रोपं लहान असताना पहिला महिनाभर ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) नायलॉनची जाळी घाला. मच्छरदाणी चालणार नाही, तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात ये-जा करते. आणि जास्वंदीची कुंडी त्या कोपऱ्यात असेल तर हलवा, माशीचं ते आवडतं घर.

ज्या कुंडीत झाड मरीनं गेलं किंवा मुळांवर गाठी दिसल्या (सूत्रकृमी), ती माती मात्र एप्रिल-मेमध्ये तापवा. ओली करा, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बांधा, वितीपेक्षा जाड थर नको, आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात राहू द्या. काळं प्लॅस्टिक नको, ते स्वतः तापतं, खालची माती त्या मानानं कमी. नंतर शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा मिसळा, कारण तापवताना मातीतले चांगले जीवही बरेच मेलेले असतात. वाल, चवळीच्या मुळांवरच्या गाठी बघून घाबरू नका, त्या नत्राच्या, नखानं सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग असते, सुटत नाही.

जुनीपेटी
कढीपत्त्याच्या पानांवर काजळी धरलीय आणि मुंगळ्यांची रांग लागलीय, ते इथंच विचारू की नवा धागा काढू?

मोरचूद
इथंच विचारा. मुंगळे आहेत म्हणजे वर कुठंतरी मावा किंवा पिठ्या ढेकूण असणार, त्याच्या चिकट गोड पाण्यावर ती काजळी वाढते. कोवळे शेंडे आणि पानांची खालची बाजू बघून सांगा. तोवर काजळीवर काही मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.